विजयदुर्गाचे कट्टे आणि एक पिवळी रेघ

देवगड तालुक्यात वाघोटण खाडीच्या तोंडाशी विजयदुर्ग उभा आहे. किल्ल्यात काही चौथरे आहेत, त्यांना गावात ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. दरवर्षी १८ ऑगस्टला इथे हेलियम दिन साजरा होतो, शाळेची मुलं येतात, भाषणं होतात. गोष्ट सांगितली जाते ती अशी : १८ ऑगस्ट १८६८ला खग्रास सूर्यग्रहण झालं, नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने या कट्ट्यांवर दुर्बीण लावली आणि सूर्यावर हेलियम हा वायू शोधून काढला.

यातलं ग्रहण खरं आहे, शोध खरा आहे आणि साहेब या किल्ल्यावर आला होता हेही खरं. फक्त १८६८च्या ऑगस्टमध्ये लॉकियर हिंदुस्थानात नव्हते, इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गला ते आले त्यानंतर तीस वर्षांनी, १८९८च्या जानेवारीत, दुसऱ्याच एका ग्रहणासाठी. हा फरक मला किरकोळ वाटत नाही. मधल्या तीस वर्षांत काय घडलं ते वगळलं, तर एक मूलद्रव्य कसं शोधलं जातं हे कळायचं राहूनच जातं. आणि माझ्या मते खरी हकिगत आपल्या दंतकथेपेक्षा जास्त रंगतदार आहे.

१८६८च्या ग्रहणाची सावली अरबी समुद्रावरून कोकण किनाऱ्यावर चढली आणि विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण असा प्रवास करत बंगालच्या उपसागरात उतरली. खग्रास अवस्था पाच मिनिटांहून जास्त टिकणार होती. ग्रहणाच्या हिशेबात ही चैनच. पण दिवस ऐन पावसाळ्याचे, त्यामुळे शास्त्रज्ञांनी घाट ओलांडून आतल्या बाजूला तळ ठोकले. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शल होते, गुंटूरला फ्रान्सचे पिएर जान्सन. सूर्य झाकला गेल्यावर त्याच्या कडेला लालसर ज्वाला दिसतात. त्या कशाच्या बनल्या आहेत, हे त्यांना पहिल्यांदाच वर्णपटदर्शकातून तपासायचं होतं.

वर्णपटदर्शक काय करतो ते स्वयंपाकघरातही थोडंफार दिसतं. गॅसवर मीठ घातलेली पेज उतू जाऊ द्या. पेज बर्नरवर सांडली की निळी ज्योत क्षणात पिवळीधमक होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. तापलेलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या रंगांचाच प्रकाश फेकतं. त्या प्रकाशाला लोलकातून, म्हणजे तिकोनी काचेतून, नेलं की तो अखंड पट्ट्याऐवजी सुट्या सुट्या रेघांमध्ये उमटतो. रेघांच्या जागा मोजल्या की मूलद्रव्य ओळखता येतं, मग ते चुलीवर असो की सूर्यावर. सोडियमच्या पिवळ्या रेघा दोन, एकमेकींना अगदी खेटून : ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या.

ग्रहणात ज्वालांच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेघा लख्ख दिसल्या. सोबत एक पिवळी रेघही होती. बहुतेकांनी ती सोडियमची धरली. त्या दिवशी कुणीही ‘नवं मूलद्रव्य सापडलं’ असं म्हटलं नाही. जान्सन यांना वेगळीच गोष्ट सुचली : या रेघा इतक्या तेजस्वी आहेत, तर ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गुंटूरला तसं करूनही दाखवलं.

तिकडे लंडनमध्ये लॉकियर याच कल्पनेच्या मागे होते. युद्ध खात्यात कारकुनी करून उरलेल्या वेळात ते सूर्याचा अभ्यास करत. त्यांनी मागवलेला वर्णपटदर्शक तयार व्हायला फार उशीर लागला. तो हातात आल्यावर २० ऑक्टोबर १८६८ला, ग्रहण वगैरे काही नसताना, त्यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या रेघा पाहिल्या. जान्सन यांचं आणि त्यांचं पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत पोचलं. पुढे फ्रान्सने दोघांचे चेहरे कोरलेलं एक पदकच काढलं.

आता रोज ग्रहण असल्यासारखंच होतं, सवडीने मोजमाप करता येऊ लागलं. तेव्हा दिसलं की ती पिवळी रेघ सोडियमच्या जागेवर बसत नाही. ती ५८७.६ नॅनोमीटरला आहे. फरक दीड नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या दीडपट. एवढ्याशा अंतरावर सगळं प्रकरण उभं आहे.

लॉकियर यांनी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांना सोबत घेतलं. हायड्रोजनवर दाब, तापमान बदलून ही रेघ मिळते का ते दोघांनी प्रयोगशाळेत पाहिलं. मिळाली नाही. लॉकियर यांना हे नवं मूलद्रव्य वाटत होतं, फ्रँकलंड यांना ते पटत नव्हतं. सूर्याच्या ग्रीक नावावरून ‘हेलियम’ हा शब्द आला खरा, पण पुष्कळ रसायनशास्त्रज्ञ त्याला मान डोलवायला तयार नव्हते. त्यांना दोष देता येत नाही. जो पदार्थ कुणी बाटलीत धरला नाही, त्याचं वजन केलं नाही, तो निव्वळ एका रेघेवर का मान्य करायचा? अशी सत्तावीस वर्षं गेली.

१८९५मध्ये लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से आर्गॉनच्या मागे लागले होते. हा आळशी, कशाशी सहसा संयोग न पावणारा वायू त्यांनी नुकताच लॉर्ड रॅली यांच्यासोबत हवेतून वेगळा केला होता आणि तो एखाद्या खनिजात बांधलेला सापडतो का, हे त्यांना पाहायचं होतं. अमेरिकेत हिलब्रँड या रसायनशास्त्रज्ञांना युरेनियमची खनिजं आम्लात उकळल्यावर एक निष्क्रिय वायू मिळाला होता, त्याला त्यांनी नायट्रोजन समजून सोडून दिलं होतं. रॅम्से यांनी क्लेव्हाइट हे युरेनियमचं खनिज आणून सौम्य सल्फ्युरिक आम्लात उकळलं, निघालेला वायू शुद्ध केला, काचेच्या नळीत भरला आणि तीतून वीज सोडली. वर्णपटदर्शकात पिवळी रेघ चमकली. सोडियमची रेघ शेजारी ठेवून पाहिली, तर दोन्ही जुळेनात. विल्यम क्रूक्स यांनी मोजणी करून निर्वाळा दिला : ही सूर्यावरचीच रेघ. त्याच वर्षी स्वीडनमध्ये क्लेव्ह आणि लांगले यांनी त्याच खनिजातून स्वतंत्रपणे हा वायू मिळवला आणि त्याचा अणुभारही मोजला. रसायनशास्त्राला हवा होता तो पुरावा अखेर नळीत आला.

हे सगळं उरकल्यावर सर नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला आले. २२ जानेवारी १८९८चं ग्रहण खग्रास होतं, पण जेमतेम दोन मिनिटांचं. महिना मात्र कोकणातला सर्वांत भरवशाच्या आकाशाचा. ‘मेलपोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी मदतीला होते. त्यांच्यातल्या अनेकांना निरीक्षणं घ्यायला आणि रेखाटनं करायला शिकवून तयार केलं होतं. या वेळी नुसत्या डोळ्यावर भिस्त नव्हती. भिंगापुढे लोलक बसवलेले कॅमेरे आणले होते, म्हणजे सूर्याच्या कडेचा वर्णपट थेट फोटोच्या काचेवर उतरणार होता. अशा जड उपकरणांना न हलणारा पाया लागतो, आणि किल्ल्यातले कट्टे या मुक्कामाचे असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते. विजयदुर्गच्या या निरीक्षणांचा सविस्तर अहवाल पुढे रॉयल सोसायटीने छापला. त्याच ग्रहणाला सोलापूरकडे जेऊर इथे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली दुर्बीण घेऊन हजर होते. १८ ऑगस्टच्या भाषणांमध्ये त्यांचंही नाव यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सूर्यावरचा वायू युरेनियमच्या दगडात काय करत होता, हे कोडं मात्र उरलंच होतं. ते सोडवलं अर्नेस्ट रदरफर्ड यांनी. किरणोत्सारी पदार्थांतून अल्फा कण बाहेर पडतात, ते विद्युतभार असलेले हेलियमचेच अणू असावेत असा त्यांचा कयास होता. १९०८मध्ये त्यांनी आणि थॉमस रॉयड्स यांनी एक काचेची नळी इतकी पातळ फुंकून घेतली की वायू तीतून गळणार नाही, पण अल्फा कण आरपार जातील. आत किरणोत्सारी रेडॉन भरला आणि बाहेरून दुसरी, निर्वात नळी घातली. काही दिवसांनी बाहेरच्या नळीत जमलेल्या वायूतून वीज सोडली आणि तीच पिवळी रेघ उमटली. युरेनियम, थोरियम विघटताना हेलियम तयार होतो आणि खडकात अडकून राहतो, हे सिद्ध झालं. प्रयोगाची रचना इतकी साधी आणि उत्तर इतकं निर्विवाद, की मला तो भौतिकशास्त्रातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो.

ही घडामोड कोकणाच्या पोटातही चालू आहे. राजापूरजवळचं उन्हाळे, संगमेश्वर तालुक्यातली तुरळ आणि राजवाडी, दापोलीकडचं उन्हवरे इथली गरम पाण्याची कुंडं आपल्याला आंघोळीसाठी ठाऊक असतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या अशा झऱ्यांतून बुडबुड्यांवाटे येणाऱ्या वायूचे नमुने प्रयोगशाळेत तपासले गेले आहेत. त्यात मुख्यतः नायट्रोजन असतो आणि सोबत हेलियमही आढळतो. वरच्या काळ्या बेसाल्टमध्ये युरेनियम-थोरियम फारसं नसतं, त्याखालच्या प्राचीन ग्रॅनाइटी खडकांत ते जास्त असतं. म्हणून वायूतला हेलियम पाहून पाणी किती खोलवर जाऊन आलं असेल, याचा अंदाज भूवैज्ञानिकांना बांधता येतो.

१० जुलै १९०८ला नेदरलँड्समधल्या लायडन इथे कामरलिंग ओनस यांनी हेलियम पहिल्यांदा द्रवरूपात आणला. हाती लागलं सुमारे ६० मिलिलिटर. हा द्रव उणे २६९ अंश सेल्सिअसला उकळतो, एवढ्या थंडीत दुसरा कुठलाही पदार्थ द्रव राहत नाही. या थंडीचा उपयोग करून १९११मध्ये ओनस यांनी पारा तपासला आणि त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाल्याचं त्यांना दिसलं. हीच अतिवाहकता. अशा तारेच्या वेटोळ्यात वीज एकदा खेळती केली की ती फिरतच राहते.

औषधोपचारात हेलियम दोन वाटांनी आला. एक वाट श्वासाची. हवेतला नायट्रोजन काढून त्या जागी हेलियम घातला, तर मिश्रणाची घनता हवेच्या साधारण एक तृतीयांश होते. आवळलेल्या श्वासनलिकेतून दाट वायू भोवरे घेत अडखळतो, हलका वायू सरळ सरकतो. १९३४मध्ये अमेरिकेतल्या अल्व्हन बॅराक यांनी दम्याच्या आणि श्वासमार्गात अडथळा असलेल्या रुग्णांवर हे मिश्रण वापरलं. याने रोग बरा होत नाही, औषध लागू पडेपर्यंत श्वासाचे श्रम कमी होतात. (मिश्रणात ऑक्सिजन मोजून घातलेला असतो. फुग्याच्या सिलिंडरमधला हेलियम गंमत म्हणून ओढणं जिवावर बेतू शकतं, हे मुलांना बजावून सांगा.)

दुसरी वाट एमआरआयची. देवगड-राजापूरकडच्या माणसाला मणक्याचा एमआरआय सांगितला की घरात पहिला प्रश्न पडतो तो कुठे जायचं हाच. रत्नागिरी, कोल्हापूर की गोवा? गाडी ठरते, सोबत कोण येणार ते ठरतं, दिवस जातो. त्या खोलीत तपासणी सुरू व्हायच्या आधी नीट कान द्या. यंत्राचा ठोठो आवाज अजून सुरू झालेला नसतो, तरी चुक्-चुक् असा एकसुरी आवाज येत असतो. तो शीतकाचा आवाज. आत नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचं वेटोळं द्रव हेलियममध्ये बुडवलेलं असतं, त्यातून उडणारी वाफ पुन्हा द्रव करण्याचं काम तो रात्रंदिवस करतो. हे वेटोळं म्हणजेच यंत्रातला चुंबक, आणि तो बंद कधीच नसतो. १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकक्षेत्र मोजायचं एकक) यंत्रात तो पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असतो. दारावर लोखंडी वस्तू, किल्ल्या काढून ठेवायला इतक्या कडकपणे सांगतात ते यासाठी, यंत्र चालू दिसत नसलं तरीही.

नेहमीच्या यंत्रात हेलियम हजार-दोन हजार लिटरच्या घरात असतो. काही बिघडून वेटोळं तापलं तर तो सारा उकळतो आणि सातशे पटींहून जास्त फुगतो, म्हणून छतावरून बाहेर काढणारा जाड नळ बसवावाच लागतो. उडालेला हेलियम पुन्हा हाती येत नाही. तो इतका हलका आहे की हळूहळू अवकाशात निसटून जातो. हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत पाचच्या आसपास, तेवढ्यातून तो गाळून काढणं परवडत नाही. मिळतो तो नैसर्गिक वायूच्या विहिरींतून. गुहागर तालुक्यात दाभोळ खाडीच्या तोंडाशी एलएनजीची, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूची, जहाजं लागतात. असा वायू उणे १६२ अंशाला द्रव केला जातो तेव्हा हेलियम मात्र वायूच राहतो, आणि कतारसारख्या देशात तो त्याच टप्प्यावर वेगळा काढतात. भारताची गरज जवळपास पूर्णपणे आयातीवर भागते. तिकडे काही अडलं की इथे रुग्णालयांचा आणि प्रयोगशाळांचा खर्च चढतो.

अलीकडे अशी यंत्रं निघाली आहेत ज्यांच्यात जेमतेम सात लिटर हेलियम कायमचा बंद करून ठेवलेला असतो. त्यांना पुन्हा भरणी लागत नाही, छतातून काढायचा नळ लागत नाही, वजनही कमी असतं. यंत्राची किंमत अजून मोठी आहे आणि चालवायला प्रशिक्षित माणसं आणि भरवशाची वीज लागतेच. पण कोकणातल्या एखाद्या उपजिल्हा रुग्णालयात एमआरआय का बसत नाही, याच्या उत्तरांतून हेलियमची अडचण तरी आता वजा होऊ लागली आहे.