सही कोणाची, हे सांगायचे कोणी?

दिवाणी कोर्टात मृत्युपत्र किंवा साठेखत पुढे आले की 'ही सही वडिलांची नाहीच' हे वाक्य ठरलेले. मग एक पक्ष खासगी हस्ताक्षरतज्ज्ञ आणतो, दुसरा आपला आणतो, आणि एकाच सहीवर शपथेवर दिलेली दोन उलटसुलट मते फायलीत बसतात.

साक्षीदाराने पाहिले-ऐकले तेवढे सांगावे, मत देऊ नये, हा मूळ नियम. त्यातून तज्ज्ञाला वाट मिळाली ती इंग्लंडच्या नॉरफोक किनाऱ्यावरच्या एका भांडणात. तिथल्या वेल्स गावाचे बंदर गाळाने भरत होते. दोष जमीनदाराच्या बांधाचा की समुद्राचा? एडिस्टनचे दीपगृह बांधणारा जॉन स्मीटन जमीनदाराच्या बाजूने साक्षीला आला. हे नुसते मत आहे म्हणून न्यायाधीशांनी ते नाकारले. १७८२ मध्ये मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी ते ग्राह्य ठरवले. म्हणजे 'हा तर त्यांचा तज्ज्ञ' ही तक्रार करायला पहिल्यापासूनच जागा होती.

आपल्याकडे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यात तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरणारे कलम ४५ आले. हस्ताक्षर त्यात सुरुवातीपासून होते, बोटांचे ठसे १८९९ मध्ये जोडले गेले. मताची कारणे कलम ५१ मुळे विचारात घेता येत, आणि कलम ७३ ने सह्या स्वतः ताडून पाहण्याची मुभा न्यायाधीशालाच दिली. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे: तज्ज्ञ काहीही म्हणोत, शेवटी सही पाहून ठरवायचे न्यायाधीशानेच.

मृत्युपत्राच्या शशिकुमार बॅनर्जी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की हस्ताक्षराबद्दलचे मत प्रत्यक्ष पुराव्याची जागा क्वचितच घेते. १९८० मध्ये मुरारीलाल प्रकरणात, फौजदारी असले तरी, न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी तोल सावरला: तज्ज्ञ म्हणजे गुन्ह्यातला साथीदार नव्हे, दुजोरा हवाच असा नियम नाही; सावधपणे पाहा, कारणे तपासा.

अमेरिकेत १९९३ च्या डॉबर्ट निकालापासून शास्त्रीय मताची पद्धत विश्वासार्ह आहे का, हे न्यायाधीश आधीच तपासतो. आपल्याकडे तज्ज्ञाला सहसा आत येऊ देतात आणि मग उलटतपासात सोलतात. तिथे मुरलेला वकील पदव्यांवर वेळ घालवत नाही. मूळ कागद पाहिलात की झेरॉक्स? नमुन्याच्या सह्या कोणत्या काळातल्या? दावा लागल्यावर वकालतनाम्यावर आणि कैफियतीवर केलेल्या सह्या नमुना म्हणून घेतल्या असतील तर तज्ज्ञाची पंचाईत होते. सही बदलायचे कारण तोवर तयार झालेले असते. तज्ज्ञाला सांभाळणाऱ्या वकिलाचे कामही इथूनच सुरू होते: वादग्रस्त कागदाच्या आसपासच्या तारखांच्या, बँकेतल्या किंवा नोंदणीकृत दस्तावरच्या कबूल सह्या आधीच मिळवायच्या. १९७६ च्या दुरुस्तीने दिवाणी प्रक्रिया संहितेत शास्त्रीय तपासणीसाठी कमिशनर नेमण्याची सोयही आली, पण त्याचा अहवालही कोर्टावर बंधनकारक नसतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ४५ चे ३९ झाले आणि त्यात 'इतर कोणतेही क्षेत्र' हे शब्द घातले गेले. बार रूममध्ये मात्र अजून 'पंचेचाळीसचा साक्षीदार' असेच ऐकू येते.