रायफल काडतुसातील कमी दारूभरणी

रायफलीची काडतुसे हाताने भरताना दारूच्या उत्पादकाने कोष्टकात दिलेल्या किमान वजनापेक्षा कमी दारू घालणे म्हणजे कमी दारूभरणी. हाताने काडतुसे भरण्याला हँडलोडिंग किंवा रीलोडिंग म्हणतात आणि त्याची मोठी परंपरा अमेरिकेत आहे. खांद्याला बसणारा धक्का सौम्य व्हावा, नवशिक्याला सराव करता यावा, ओतीव शिशाची गोळी चालावी, चार पैसे वाचावेत, अशा कारणांनी दारू कमी केली जाते. जास्त दारूने बंदूक फुटते हे कोणालाही समजते. त्यावरून कमी दारूत कमी धोका असला पाहिजे असे वाटते, पण धूरविरहित दारूला हा हिशेब लागू पडत नाही.

याचे कारण दारूच्या जळण्यात आहे. फ्रेंच रसायनज्ञ पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून धूरविरहित दारू तयार केली. अशा दारूचा जळण्याचा वेग भोवतीच्या दाबावर अवलंबून असतो, हा नियमही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दाब वाढला की दारू भराभर जळते आणि तिच्या जळण्याने दाब आणखी वाढतो. रायफलीच्या दारूच्या दाण्यांवर सुरुवातीचे जळणे मंद करणारा लेप असतो. त्यामुळे असा दाणा पेटायला पुरेशी उष्णता आणि दाब दोन्ही लागतात. .३०-०६ या अमेरिकी रायफल काडतुसाची कमाल दाबमर्यादा दर चौरस इंचाला ६०,००० पौंड आहे. त्याची दारू याच दाबाच्या आसपास नीट जळेल अशी निवडलेली असते. मोठ्या पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, थोडीशी दारू घातली तर ती तळाला आडवी पसरते आणि वर पोकळी राहते. नळी वर उचलली की दारू प्रायमरकडे, म्हणजे बुडाशी बसवलेल्या पेटवणाऱ्या टोपीकडे सरकते, खाली झुकवली की गोळीकडे. त्यामुळे एकाच वजनाच्या दोन काडतुसांचा वेग वेगवेगळा येतो.

सर्वांत जास्त चर्चा होते ती अचानक उसळणाऱ्या दाबाची. मंद जळणारी दारू, मोठी पुंगळी आणि कमी भरणी हे तिन्ही एकत्र आल्यावर भक्कम रायफली फुटल्याच्या हकिकती अनेक दशके सांगितल्या जात आहेत. एका स्पष्टीकरणानुसार प्रायमरच्या झटक्याने गोळी पुंगळीतून सुटते आणि नळीतल्या आट्यांच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांच्या) तोंडाशी अडकते. दारू मागे धुमसत असते. ती पूर्ण पेटते तेव्हा पुढे थांबलेली गोळी बुचासारखे काम करते आणि दाब एकदम चढतो. दुसरे स्पष्टीकरण असे, की प्रायमरची ज्वाला आडव्या पसरलेल्या दारूवरून जाते आणि मोठा पृष्ठभाग एकाच वेळी पेटतो. ही घटना प्रयोगशाळेत हवी तेव्हा घडवता येत नाही, म्हणून तज्ज्ञांत एकमत नाही. तिच्या नावावर टाकलेल्या काही अपघातांचे खरे कारण दुहेरी भरणी, म्हणजे चुकून दोनदा घातलेली दारू, असावे, असे मानायला भरपूर जागा आहे.

दुहेरी भरणीचा धोकाही कमी दारूतूनच येतो. पूर्ण भरणीने पुंगळी जवळजवळ भरते. चुकून दुसऱ्यांदा दारू ओतली तर ती बाहेर सांडते आणि चूक उघडी पडते. जलद जळणाऱ्या दारूची छोटी भरणी मात्र तळाशीच बसते. तिच्यावर दुसरी, कधी तिसरीही आत मावते आणि गोळी बसवल्यावर बाहेरून काहीच दिसत नाही. येथे वजन ग्रेनमध्ये मोजतात. आपला जुना तोळा म्हणजे १८० ग्रेन आणि एक ग्रेन म्हणजे जेमतेम अर्धी गुंज. इतक्या बारीक मापात पुंगळ्यांच्या ओळीवरून उजेड धरून प्रत्येकीत डोकावून पाहणे यापेक्षा चांगला उपाय नाही.

माझ्या मते सर्वांत जास्त भीती बाळगावी ती नळीत अडकलेल्या गोळीची, कारण ती रोजच्या सरावात घडते. दाब अपुरा पडला तर गोळी नळीतच थांबते. तांब्याचे कवच असलेल्या गोळीला आट्यांतून जायला शिशाच्या गोळीपेक्षा जास्त जोर लागतो, म्हणून कमी भरणीत ती अडकण्याची शक्यता अधिक असते. नेमबाजाला नेहमीच्या दणक्याऐवजी ‘फट्’ असा पोकळ आवाज येतो. घाईत त्याने पुढचे काडतूस सरकवून चाप ओढला, तर दुसरी गोळी पहिलीवर आदळते आणि नळी फुगते किंवा फाटते. आवाज वेगळा आला की थांबायचे, रायफल रिकामी करायची आणि नळीतून गज घालून ती मोकळी आहे का ते पाहायचे. चाप ओढूनही काहीच झाले नाही, तर काडतूस उशिरा पेटू शकते. अशा वेळी नळीचे तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबावे लागते.

एक धोका पुंगळीत लपून राहतो. पूर्ण दाबात पितळ फुगून चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेला, चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब कमी असेल तर ते पुरते चिकटत नाही आणि पुंगळी काजळते. शिवाय प्रायमरच्या धक्क्याने पुंगळी पुढे रेटली जाते, तिचा खांदा, म्हणजे तोंडाजवळचा निमुळता भाग, किंचित मागे दबतो आणि ती आखूड होते. वारंवार कमी भरणीत वापरलेली अशी पुंगळी पुढे पूर्ण भरणीत घेतली, तर ती बुडाजवळ तुटू शकते. म्हणून या पुंगळ्या खूण करून कायम वेगळ्या ठेवतात.

कमी भरणी नेहमीच निषिद्ध नसते, पण दारू कोणती यावर सगळे ठरते. अमेरिकेतील हॉजडन कंपनी एच४८९५ ही दारू कमाल भरणीच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरवू देते. तीच कंपनी एच११० बद्दल ३ टक्क्यांपेक्षा जास्त कपात करू नका असे बजावते. ट्रेल बॉस ही पोकळ, फुलवलेल्या दाण्यांची दारू थोड्या वजनात पुंगळी भरण्यासाठीच बनवली गेली. ती दाबून भरणे मात्र धोक्याचे. काही जण पोकळी भरायला तंतूंचा बोळा घालतात. जुन्या एकनळी रायफलींत अशा बोळ्यांमुळे चेंबरला कड्यासारखा कायमचा फुगवटा आल्याची उदाहरणे आहेत.

काळ्या दारूलाही पोकळी मानवत नाही. कोकणात पिकांच्या राखणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकीच्या नावातच ते आले आहे. दारूवर गोळी घट्ट ठासली नाही आणि मध्ये जागा राहिली, तर नळी फुगते किंवा फुटते.

भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही या कायद्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येत येतात. त्यामुळे हँडलोडिंग हा येथे घरगुती छंद झालेला नाही. काडतुसे खडकीतील १८६९ साली स्थापन झालेल्या कारखान्यासारख्या ठिकाणी बनतात.