हिवाळी निसर्गचित्र

हिवाळी निसर्गचित्र : थंडीच्या दिवसांतील भूप्रदेश, हवा व प्रकाश हाच मुख्य विषय असलेले चित्र. युरोपीय परंपरेत बर्फ आणि गोठलेले पाणी ही त्याची ओळख. खानदेशात ती धुके, धूर व तिरप्या उन्हात शोधावी लागते.

या प्रकाराच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार त्याचे मूळ सचित्र प्रार्थनापुस्तकांतील बारा महिन्यांच्या पानांत आहे. लिम्बुर्ख बंधू या चित्रकारांच्या हस्तलिखितातील (सु. १४१२–१६) फेब्रुवारीचे, बर्फाखालच्या शेतघराचे पान हे त्याचे परिचित उदाहरण. दुसरे मत ‘लघु हिमयुगा’कडे, म्हणजे युरोपातील काही शतकांच्या थंड कालखंडाकडे, बोट दाखवते : १५६४–६५ चा हिवाळा पश्चिम युरोपात फार कडक गेला आणि फ्लेमिश चित्रकार थोरल्या पीटर ब्रॉयगेलचे ‘हिमातील शिकारी’ १५६५ मधलेच. हा मेळ नजरेत भरतो खरा. पण हे चित्र अँटवर्पचा व्यापारी निक्लास योंगेलिंक याच्यासाठी केलेल्या महिन्यांच्या मालिकेतील असून त्याच मालिकेत गवतकापणी आणि भर उन्हातली सुगीही आहे. त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. थंडीने जुन्या विषयाला फार तर धार आली असावी. मालिका सहा फलकांची की बारा, हाही वाद आहे. आज पाच फलक उपलब्ध आहेत. १५९४ मधील एका नोंदीत ‘बारा महिन्यांचे सहा फलक’ असा उल्लेख येतो. त्यावरून एका फलकात दोन महिने असावेत, असे बहुतेक अभ्यासक धरतात.

व्हिएन्नातील ‘हिमातील शिकारी’ हा फलक (लाकडावर तैलरंग, सु. ११७ × १६२ सेंमी.) शैलीच्या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखा आहे. शिकारी पाठमोरे, कुत्री मान खाली घातलेली, खांद्यावर शिकार म्हणून एकच कोल्हा. डावीकडून उतरत जाणाऱ्या काळ्या खोडांच्या रांगेमुळे नजर आपोआप खालच्या तळ्यांकडे घसरते. आकाश आणि बर्फ झालेले पाणी एकाच हिरवट करड्या छटेत आहे. थंडी भासते ती मुख्यतः या छटेमुळे, पांढऱ्या रंगामुळे नव्हे. मागचे सुळके फ्लँडर्सच्या सपाट मुलखातले नाहीत. ते चित्रकाराच्या आल्प्समधील प्रवासाच्या आठवणीतून आले असावेत. पुढे डच चित्रकार आव्हरकांपने गोठलेल्या कालव्यांवरची गर्दी रंगवली, तर फ्रेंच चित्रकार मोनेच्या ‘मॅगपाय’मध्ये (१८६८–६९) बर्फावरची सावली निळी झाली.

भारतीय लघुचित्रांतील बारामासा (बारा महिन्यांच्या) मालिकांत पौष–माघ रजई, शेगडी व बंद कवाडांतून दिसतात. तेथे भूप्रदेश दुय्यम असल्याने त्यांना निसर्गचित्र म्हणणे थोडे ओढूनताणून होईल.

खानदेशात बर्फ पडत नाही; सातपुड्यात अक्कलकुवा तालुक्यातील डाबसारख्या ठिकाणी कडाक्याच्या थंडीत गवतावरचे दव गोठते, तेवढेच. तरीही शाळकरी मुले चित्रकलेच्या तासाला कॅलेंडरवरचे बर्फाचे शिखरच काढतात, हे सवयीचे झाले आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–८९) टेबलावर साध्या वस्तू मांडून, प्रकाशयोजनेच्या बळावर विस्तीर्ण देखावे भासणारी छायाचित्रे घेत. निसर्गदृश्य उघड्या रानात नव्हे, उजेडात घडते हे त्यांतून नीट कळते.

प्रत्यक्ष खानदेशी हिवाळा रंगवताना विषय भरपूर आहेत : दादर या रब्बी ज्वारीची उभी ताटे, हरभऱ्याचा ओलसर हिरवा, थंडीचा चरका बसून पिवळटलेली केळीची पाने. अवघड असतो तो धूर. भरितासाठी तुराट्यांवर वांगी भाजतात, तेव्हा सकाळच्या गार हवेत धूर वर चढत नाही. तापीकाठच्या सपाटीवर घरांच्या उंचीला आडवा पसरून राहतो. जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असल्याने असे होते. जलरंगात हा पट्टा पांढऱ्या रंगाने भरल्यास तो खडूसारखा दिसतो. त्यासाठी तेथला कागद ओला ठेवून खालून फिकट जांभळट करडा सोडतात. पट्ट्याची खालची बाजू झाडांत विरू दिली, तरी वरची कड मात्र जवळजवळ सरळ राखावी लागते.