सार्वजनिक पाणवठ्यांची आरोग्य देखरेख (महाराष्ट्र)

गावातील विहीर, आड, बारव, हातपंप, नळयोजनेची टाकी आणि त्यांच्याभोवतीच्या धुण्या-आंघोळीच्या जागा यांची स्थानिक संस्थांमार्फत होणारी तपासणी व पाण्याचे निर्जंतुकीकरण. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार पाणीपुरवठा आणि स्वच्छता ही कामे ग्रामपंचायतीच्या कक्षेत येतात. तांत्रिक देखरेख प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आरोग्य सेवकाकडे असते. पाण्यात निर्जंतुकीकरणाची पावडर टाकणाऱ्यास ‘जलसुरक्षक’ म्हणतात. पुष्कळ गावांत हे काम पंचायतीचा शिपाई किंवा नळ सोडणारा कर्मचारीच करतो.

मुंबई इलाख्यात या देखरेखीला कायद्याचे रूप १८८९ च्या ग्राम आरोग्यरक्षण कायद्याने आले, असे सामान्यतः मानतात. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीत विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची पद्धत आग्र्याचे जंतुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन यांनी १८९० च्या दशकात रूढ केली. क्लोरीनच्या वापराचा आरंभ कोठे झाला याविषयी मतभेद आहेत. काही लेखक इंग्लंडमधील मेडस्टन (१८९७) येथील विषमज्वराच्या (टायफॉइडच्या) साथीचा दाखला देतात, पण तो तात्पुरता उपाय होता. इंग्लंडमधील लिंकन (१९०५) आणि अमेरिकेतील जर्सी सिटी (१९०८) यांची नावे अधिक प्रचलित आहेत. सलग वापर हीच कसोटी धरल्यास बेल्जियममधील मिडेलकेर्के (१९०२) याला अग्रक्रम देणे योग्य ठरेल.

पाणवठा सार्वजनिक असणे आणि सर्वांना खुला असणे या मात्र वेगळ्या गोष्टी होत्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरीही मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर चवदार तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली, ती शेण-गोमूत्रयुक्त पंचगव्य पाण्यात घालून. आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने याहून उलटा प्रकार सापडणे कठीण.

ग्रामीण भागातील मुख्य साधन म्हणजे क्लोरीन देणारे विरंजक चूर्ण (ब्लीचिंग पावडर), अर्थात ‘टीसीएल’. मात्रा ठरवण्यासाठी ब्रिटिश लष्करी वैद्यक विल्यम हॉरॉक्स यांच्या नावाची पेटी वापरतात. तीत सहा पांढरे कप, आतून खूण असलेला एक काळा कप, चमचे, काचकांड्या, पिपेट आणि स्टार्च-आयोडाइड दर्शक असतो. काळ्या कपात सपाट एक चमचा (२ ग्रॅम) पावडर घेऊन आधी थोड्या पाण्यात कालवतात, मग खुणेपर्यंत पाणी घालून ढवळतात व निवळू देतात. पांढऱ्या कपांत तपासायचे पाणी घेऊन वरच्या निवळीचा पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहाव्यापर्यंत चढते थेंब टाकतात. अर्ध्या तासाने प्रत्येक कपात तीन थेंब दर्शक. ज्या कपात प्रथम स्पष्ट निळा रंग येतो, त्याचा क्रमांक म्हणजे ४५५ लिटर पाण्याला लागणारे चमचे.

व्यास ३ मीटर व पाण्याची खोली ४ मीटर असलेल्या गोल विहिरीत सुमारे २८,२६० लिटर पाणी असते. तिसरा कप निळा झाल्यास त्यासाठी सुमारे ३७३ ग्रॅम पावडर लागेल. आरोग्यविषयक पाठ्यपुस्तकांतील ‘हजार लिटरला २.५ ग्रॅम’ हा ठोकताळा याच विहिरीला जेमतेम ७१ ग्रॅम सांगतो. पहिलाच कप निळा झाला तरी हॉरॉक्सचे प्रमाण हजार लिटरला ४.४ ग्रॅम होते; म्हणजे गढूळ पाण्याच्या दिवसांत तरी ठोकताळ्यावर विसंबणे धोक्याचे. पावडर थेट विहिरीत फेकत नाहीत. बादलीत कालवून चुन्याचा गाळ खाली बसू देतात आणि वरची निवळी दुसऱ्या बादलीतून पाण्यात खोलवर सोडून हिसके देतात. त्यानंतर तासभर उपसा बंद. त्यामुळे रात्रीचे शेवटचे पाणी भरून झाल्यावरची वेळ सोयीची.

खरी अडचण साठवणुकीची आहे. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले, दमट कोपऱ्यात पडले, की तो झपाट्याने उतरतो. म्हणून पाण्याबरोबर टीसीएलचे नमुनेही प्रयोगशाळेत पाठवतात. पाण्यात क्लोरीन उरला आहे का, हे पाहणारी गावपातळीवरची परीक्षा ‘ओटी’ची: ऑर्थोटोलिडिनचे थेंब घातल्यावर पाणी पिवळे होते. पहिल्या दहा सेकंदांतला रंग मुक्त क्लोरीनचा मानतात, उशिरा येणाऱ्या रंगात संयुक्त (पाण्यातील इतर द्रव्यांशी जोडला गेलेला) क्लोरीनही मिसळलेला असतो. हे रसायन अपायकारक ठरल्याने अन्यत्र डीपीडी या दुसऱ्या दर्शक रसायनाची पद्धत आली, तरी बोलण्यात ‘ओटी पॉझिटिव्ह’ टिकून आहे. भारतीय मानक १०५०० प्रमाणे किमान शेष क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम असावा.

ओटी पॉझिटिव्ह आली म्हणजे पावडर पडली, इतकेच कळते. कठडा फुटलेला आहे, धुण्याचे पाणी परत आत झिरपते, शौचालय १५ मीटरच्या आत आहे, या गोष्टी स्वच्छता सर्वेक्षणातच दिसतात. ते सहसा पावसाळ्यापूर्वी व नंतर होते आणि त्यावरून जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतात. सलग काही वर्षे हिरवे राहिलेल्या ग्रामपंचायतीस चंदेरी. देखरेखीचे साधन म्हणून ही कार्डे ओटीपेक्षा अधिक बोलकी आहेत.

पायऱ्यांच्या विहिरी व बारवा या देखरेखीत वेगळ्या गणल्या गेल्या त्या नारू या कृमिरोगामुळे. रुग्ण पाण्यात उतरला की त्वचेबाहेर आलेल्या कृमीतून अळ्या सुटतात, सायक्लॉप्स हा पाण्यातला सूक्ष्म जीव त्या गिळतो आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्यास लागण होते. सायक्लॉप्स मारण्यास लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन लागतो. इतक्या उग्र वासाचे पाणी कोणी पीत नाही. त्यामुळे फडक्याने पाणी गाळणे, टेमेफॉस हे कीटकनाशक टाकणे आणि पायऱ्या बंद करून विहिरीला कठडा-रहाट बसवणे यांवर भर राहिला. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदवला गेला व २००० मध्ये देश नारूमुक्त प्रमाणित झाला. अलीकडे बारवांच्या जीर्णोद्धारात पुन्हा मोकळ्या होणाऱ्या पायऱ्यांना नारूचे भय उरलेले नाही, पण तेथील पाणी पिण्यासाठी वापरायचे झाल्यास आंघोळ व धुणे वरच ठेवावे लागते.