पॅनोरमाच्या आकाशात पट्टे का पडतात?
(ड्रोनचे फोटो आमच्याकडे जोडायला देणाऱ्या ग्राहकांसाठी)

पॅनोरमा म्हणजे चहूबाजूंचे फोटो जोडून केलेलं एकच मोठं चित्र. ‘सॉफ्टवेअर एवढं भारी, मग आकाशात पट्टे कसे?’ हा प्रश्न दर आठवड्याला येतो. पट्टे जोडताना पडत नाहीत, ते फोटोंबरोबरच येतात. बहुतेक वेळा कॅमेरा ऑटोवर राहिलेला असतो.

समजा, सकाळी सोलापुरात सिद्धेश्वर तलावाजवळ ड्रोन वर नेला. पूर्वेकडे सूर्य आणि पाण्यावरची चकाकी, म्हणून कॅमेरा शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १/२००० सेकंद करतो. वळत वळत पश्चिमेला आला की १/५००. म्हणजे चौपट उजेड, दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). मधल्या प्रत्येक फोटोत आकडा थोडा सरकतो, आणि आकाशाचा तोच तुकडा एकात निळा, शेजारच्यात धुरकट दिसतो. थोडा फरक सॉफ्टवेअर मिटवतं. पण जास्त उजेडाने जे पांढरं जळून गेलं, त्यात रंगच उरलेला नसतो. तो आम्ही कुठून आणणार?

उपाय दोन मिनिटांचा आहे. ठरलेल्या उंचीवर गेल्यावर ऑटोवरच एक सावकाश गिरकी घ्या आणि शटरचे आकडे बघा. उजळ बाजूला १/२०००, अंधाऱ्या बाजूला १/५०० दिसलं, तर १/१२५० धरा. बरोबर मधला १/१००० नको, किंचित काळोखाकडे बरं. सावलीतली काळी माती रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) वर काढता येते, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले फोटोत पांढरे जळालेले पत्रे नाही. मग मॅन्युअल मोड: आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १००, शटर १/१२५०, आणि शेवटच्या फोटोपर्यंत हात लावायचा नाही.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची पिवळी-निळी छटा ठरवणारी सेटिंग, हमखास विसरला जातो. तो ऑटोवर राहिला तर उजेड जुळूनही अर्धं शहर पिवळं, अर्धं निळसर येतं. उन्हात ५५०० केल्व्हिनवर पक्का करा. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावला असेल तर काढा. दिशा बदलली की तो आकाश कमी-जास्त गडद करतो, आणि त्यावर मॅन्युअल मोडचाही इलाज नाही. मध्येच ढग सूर्यावर आला तर सगळा संच पुन्हा घ्या. मूळ फोटो रॉमध्ये साठवण्याचा पर्याय चालू हवा. ड्रोनने स्वतः जोडलेला जेपीईजी आम्हाला उपयोगी नाही.

ऑटोवरच्या संचाला आम्ही दीडपट दर लावतो, त्यावर कुरकुर होते. पण पक्क्या सेटिंगचा संच तासाभरात जुळतो. ऑटोवरच्या संचात एकेक फोटो हाताने सारखा करावा लागतो आणि अख्खी दुपार जाते. एवढं करूनही सूर्याकडची बाजू मनासारखी येईलच असं नाही, हे काम घेतानाच सांगतो.

महत्त्वाचं काम असेल तर ड्रोन जागेवर असतानाच सूर्याकडचा, त्याच्या उलट बाजूचा आणि सरळ खालचा असे तीन फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, पण डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवले की ते दाबले जातात. बघून लगेच सांगतो, पैसे नाहीत. आणि हे सगळं नकोच असेल, तर चित्रीकरणही आम्हीच करून देतो. होटगी रोडकडची जागा असेल तर विमानतळामुळे आधी परवानगीचा नकाशा पाहावा लागतो, तेवढे दिवस हाताशी ठेवा.