प्रॉम्प्टद्वारे अभिप्राय-संश्लेषण

ग्राहकांच्या तक्रारी, परीक्षणे, मदत-केंद्राकडे आलेले निरोप, मुलाखतींची टिपणे असा विस्कळीत मजकूर भाषा-प्रतिमानाला म्हणजेच लँग्वेज मॉडेलला देऊन, लेखी सूचनांच्या (प्रॉम्प्टच्या) साहाय्याने त्यातून ग्राहकांच्या गरजा वेगळ्या काढणे, त्यांचे गट पाडणे आणि उत्पादनात पुढे कोणते बदल कोणत्या क्रमाने करावेत याचा कच्चा आराखडा तयार करणे, अशी ही पद्धती आहे. मराठीत तिला रूढ संज्ञा नाही. कचेऱ्यांतून ‘फीडबॅक एआयला टाकून बघ’ एवढ्यावर काम भागते. ‘संश्लेषण’ हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. सारांशात मजकूर नुसता आटतो. संश्लेषणात सुटे तुकडे नव्या मांडणीत बसतात.

उगम : पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याबाबत एकवाक्यता नाही. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले, तोच आरंभ असे सर्वसाधारणपणे समजले जाते. मोजकी उदाहरणे दाखवून प्रतिमानाकडून नवे काम करून घेण्याची क्षमता जीपीटी-३ या प्रतिमानाच्या संदर्भात २०२० मध्येच मांडली गेली होती, हे लक्षात घेतल्यास आरंभ दोन वर्षे मागे जातो. परंतु ही दोन्ही मते अवजाराचा आरंभ सांगतात, पद्धतीचा नव्हे. ग्राहकाच्या शब्दांवरून उत्पादनाचा आराखडा पायरीपायरीने काढण्याची शिस्त जपानी गुणवत्ता-चळवळीतून आली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

त्या शिस्तीचे, म्हणजे ‘क्वालिटी फंक्शन डिप्लॉयमेंट’चे, जनकत्वही वादातीत नाही. जपानी गुणवत्ता-तज्ज्ञ योजी आकाओ यांनी हा विचार १९६६ च्या सुमारास सुरू केल्याचे सांगितले जाते. त्याच सुमारास ब्रिजस्टोन या टायर-कंपनीत ग्राहकाला हवे असलेले गुण आणि कारखान्यातील प्रक्रिया यांचा मेळ घालणारा तक्ता वापरात होता. आज ओळखीचे असलेले आडवे-उभे गुणवत्ता-कोष्टक मात्र मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजच्या कोबे येथील गोदीतून पुढे आले आणि त्याचे वर्ष बहुधा १९७२ दिले जाते. आकाओंचा यासंबंधीचा लेखही त्याच वर्षीचा आहे. त्यामुळे संकल्पना आकाओंची व कोष्टक गोदीचे, अशी वाटणी करणे बरे. जॉन हाउझर व डॉन क्लॉझिंग यांच्या १९८८ मधील ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’तील लेखाने हे कोष्टक ‘हाउस ऑफ क्वालिटी’ या नावाने अमेरिकेत पसरवले. डाव्या बाजूला ग्राहकाचे शब्द आणि वरच्या ओळीत अभियांत्रिकी गुणधर्म, अशी त्याची बांधणी असते. आजचा बराचसा प्रॉम्प्ट-व्यवहार हेच घर नकळत पुन्हा बांधत असतो.

दुसरा धागा जिरो कावाकिता यांच्या केजे पद्धतीचा (आडनाव व नाव यांची इंग्रजी आद्याक्षरे). कावाकिता मूळचे भूगोल व मानवशास्त्राचे अभ्यासक; नेपाळच्या डोंगराळ भागातील त्यांचे काम प्रसिद्ध आहे (रॅमन मॅगसेसे पुरस्कार, १९८४). क्षेत्रकार्यातील टिपणांचा ढीग कसा लावावा या अडचणीतून त्यांची पद्धत घडली. एका चिठ्ठीवर एकच नोंद लिहायची, मथळे आधी ठरवायचे नाहीत, एकमेकींना जवळच्या वाटणाऱ्या चिठ्ठ्या शेजारी ठेवायच्या आणि मगच गटाला नाव द्यायचे. कोणत्याच गटात न बसणारी चिठ्ठी ओढूनताणून कोंबायची नाही. तिला ‘एकटा लांडगा’ म्हणून तशीच ठेवायची. प्रॉम्प्ट लिहिणारे नेमका हा शेवटचा नियम विसरतात.

संगणकीय पूर्वपीठिका थोडक्यात अशी : बो पँग, लिलियन ली व शिवकुमार वैद्यनाथन यांचे चित्रपट-परीक्षणांच्या अनुकूल-प्रतिकूल वर्गीकरणाचे काम २००२ चे आहे, मिनचिंग हू व बिंग लिउ यांनी २००४ मध्ये परीक्षणांतून वस्तूची वैशिष्ट्ये व त्यांविषयीचे मत वेगळे काढून दाखवले. आर्टेम टिमोशेन्को व हाउझर यांनी २०१९ मध्ये दात व तोंडाच्या निगेच्या उत्पादनांवरील परीक्षणे घेतली. निरुपयोगी वाक्ये यंत्राने गाळायची व उरलेल्यांतून गरजा माणसांनी ओळखायच्या, अशी त्यांची विभागणी होती. भाषा-प्रतिमानांनंतर ओळखण्याचे कामही यंत्राकडे गेले.

कार्यपद्धती : प्रत्येक अभिप्रायाला क्रमांक देणे, गरज काढणे, गट पाडणे, प्राधान्य ठरवणे आणि आराखडा लिहिणे, असे टप्पे सामान्यतः असतात. ते एकाच प्रॉम्प्टमध्ये उरकण्यापेक्षा सुटे घेतल्यास कोणत्या टप्प्यावर चूक झाली ते सापडते. घरपोच दुधाच्या ॲपसाठी रचलेले तीन नमुने पाहा :

क-१४ : ‘ॲप एक नंबर, पण ओटीपी येईपर्यंत चहा होतो.’
क-२७ : ‘दूध सहाला पाहिजे, तुम्ही आठला आणता. धन्य आहात.’
क-३१ : ‘आई वापरते, तिला अक्षरं दिसत नाहीत.’

‘यांचा सारांश दे व सुधारणा सुचव’ एवढीच सूचना दिल्यास ओटीपी लवकर पाठवा, वेळ पाळा, अक्षरे मोठी करा असे गुळगुळीत उत्तर हाती येते. त्याऐवजी पुढील सूचना देता येते : ‘प्रत्येक अभिप्रायातून ग्राहकाला काय साधायचे आहे ते एका वाक्यात लिही. उपाय सुचवू नकोस. वाक्यापुढे क्रमांक व ग्राहकाचे मूळ शब्द जसेच्या तसे दे. आधार नसेल तेथे “आधार नाही” असे लिही. एकट्या पडलेल्या नोंदी वेगळ्या ठेव.’ आता क-३१ मधून ‘वयस्क व्यक्तीला कोणाच्या मदतीवाचून दूध मागवता यावे’ अशी गरज पुढे येऊ शकते. मोठी अक्षरे हा तिच्यावरचा अनेकांपैकी एक उपाय ठरतो. दूरध्वनीवरून मागणी घेणे हाही ठरू शकतो. क्रमांक मागण्याचे कारण व्यावहारिक आहे. प्रतिमान कधीकधी कोणीच न लिहिलेले वाक्य ग्राहकाच्या तोंडी घालते, आणि क्रमांक असला की ते मूळ यादीशी ताडून पाहता येते.

प्राधान्याचा प्रश्न : पद्धतीचा सर्वांत कच्चा सांधा हाच. प्रतिमानाला प्राधान्यक्रम मागितला की ते बहुधा उल्लेखांच्या संख्येकडे झुकते. ॲबी ग्रिफिन व हाउझर यांनी १९९३ मध्येच नोंदवले होते, की एखाद्या गरजेचा उल्लेख किती वेळा झाला यावरून तिचे महत्त्व ठरवता येत नाही. बऱ्यापैकी एकजिनसी ग्राहकवर्गात २० ते ३० मुलाखतींतून ९० टक्के किंवा अधिक गरजा समोर येतात, हाही त्यांचाच निष्कर्ष. तेव्हा हजारो अभिप्राय ओतल्याने नव्या गरजांपेक्षा जुन्यांचीच पुनरुक्ती वाढण्याची शक्यता असते. नोरिआकी कानो यांच्या १९८४ मधील वर्गीकरणातही गृहीत धरलेले गुण आणि सुखद धक्का देणारे गुण वेगळे मानले आहेत. पहिल्यांविषयी ग्राहक ते बिघडेपर्यंत बोलत नाही आणि दुसरे त्याला सुचलेलेच नसतात. अभिप्रायांच्या यादीत दोन्ही तुटपुंजे उमटतात. म्हणून महत्त्व स्वतंत्रपणे विचारून घ्यावे व ते प्रॉम्प्टमध्ये बाहेरून पुरवावे, हे इष्ट. खर्च, मनुष्यबळ, ग्राहकांना आधी दिलेली वचने यांची माहितीही अभिप्रायांत नसते. ती न दिल्यास प्रतिमान तिमाहींचे सुबक वेळापत्रक आखून देते, पण त्यातील मुदतींना आधार नसतो.

अन्य मर्यादा : लांबलचक मजकुराच्या मधल्या भागाकडे प्रतिमानांचे दुर्लक्ष होते, असे २०२३ मधील प्रयोगांत दिसले, त्यामुळे अभिप्राय लहान तुकड्यांत देण्याची प्रथा आहे. अभिप्रायातच ‘आधीच्या सूचना विसर’ असा मजकूर घुसवून प्रतिमानाला भरकटवता येते. या प्रकाराला सप्टेंबर २०२२ पासून ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव मिळाले. खोट्या परीक्षणांचा प्रश्न त्याहून जुना असून भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस १९००० : २०२२ हे मानक प्रसिद्ध केले आहे.

मराठी अभिप्राय : प्रतिमान मजकूर लहान तुकड्यांत (टोकनांत) मोडून वाचते व खर्च सहसा त्या तुकड्यांवर मोजला जातो. देवनागरी मजकुराचे बऱ्याच प्रतिमानांत इंग्रजीपेक्षा अधिक तुकडे पडतात व खर्च वाढतो. रोमन लिपीतली मराठी, हिंदी-इंग्रजीची सरमिसळ आणि उपरोध या वेगळ्या अडचणी. वरील ‘धन्य आहात’ कौतुक म्हणून मोजले जाण्याचा धोका असतो. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधन-गटाने २०२१ मध्ये मराठी ट्वीटांचा भावना-वर्गीकरणासाठीचा संच खुला केला. मात्र तो ट्वीटांचा आहे, ग्राहक-तक्रारींचा नव्हे.

गोपनीयता : डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम, २०२३ लक्षात घेता, अभिप्राय प्रतिमानाकडे जाण्यापूर्वी त्यांतील ओळखीच्या खुणा काढणे श्रेयस्कर. मोबाइल क्रमांक व ईमेल यंत्र सहज गाळते. ‘मारुतीच्या देवळामागची दुसरी गल्ली, हिरवं गेट’ हे कोणत्याच साच्यात बसत नाही आणि जसेच्या तसे पुढे जाते.