गैरप्रकाराची वर्दी : कामाच्या ठिकाणची (कोल्हापूर परिसर)

आपण जिथे नोकरी करतो तिथली अफरातफर, फसवणूक, लाचखोरी, छळ किंवा जिवावर बेतणारी हयगय, ती थांबवण्याचा अधिकार असलेल्या माणसाच्या वा कार्यालयाच्या कानावर घालणे म्हणजे वर्दी देणे. वर्दी देणारा तो जागल्या. थकलेला पगार, हुकलेली बढती ही स्वतःपुरती गाऱ्हाणी यात येत नाहीत. जागल्या बोलतो ते बहुधा दुसऱ्याच्या नुकसानीबद्दल: ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याच्या, ठेवीदाराच्या, माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या, शेजारच्या मशीनवरच्या सोबत्याच्या.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले इथल्या औद्योगिक वसाहती, साखर कारखाने, गावोगावच्या दूध संस्था, विकास सोसायट्या नि पतसंस्था, इचलकरंजीचे यंत्रमाग असा कामाचा मोठा पसारा आहे. त्यामुळे वर्दीचे विषयही ओळखीचे आहेत. उसाच्या वजनात काटामारी, दुधाचे फॅट कमी दाखवणे, संचालकाच्या नातलगांना बेनामी कर्ज, वर्षानुवर्षे काम करूनही हजेरीपटावर नाव नसणे. यातले प्रत्येक काम आधी दिसते ते काट्यावरच्या कारकुनाला, संकलन केंद्रावरच्या पोराला, कॅशियरला.

धातू वितळवून साच्यात भाग ओतणाऱ्या फाउंड्रीतला प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. ओतीव भागात वायू अडकून पोकळी राहते, तिला ब्लोहोल म्हणतात. असा भाग रिजेक्ट करून पुन्हा भट्टीत टाकायचा असतो. पण डिस्पॅचची घाई असली की पोकळीत पुट्टी भरली जाते, वरून ग्राइंडर फिरतो, प्रायमरचा हात बसतो आणि भाग नवाकोरा दिसू लागतो. सोबतचे टेस्ट सर्टिफिकेट मात्र दुसऱ्याच, चांगल्या हीटचे, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या खेपेचे. ओतीव भाग घासून साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्याला हे दिसते, क्वालिटीच्या पोराला दिसते. तो भाग पुढे कुठल्या गाडीच्या कुठल्या जागी बसणार, हेही त्यांना ठाऊक असते. अशा माणसाची झोप उडते यात नवल नाही, आणि त्याला एकटे पडू देणे ही सगळ्या गावाची नामुष्की आहे.

गप्प बसण्यामागे इथे ठोस कारणे असतात. नोकरीच मुळी कुणाच्या तरी शब्दावर लागलेली असते. मुकादम भावकीतला, सुपरवायझर एकाच तालमीतला, मालकाचा वाडा गल्लीच्या टोकाला. पाण्यात राहून माशाशी वैर नको, हा सल्ला घरातूनच मिळतो. सहकारी संस्थेत तर तक्रारीचा मजकूर वाचायच्या आधी ‘हा कुणाच्या गटाचा?’ अशी चौकशी होते. म्हणून संस्थेची निवडणूक तोंडावर असताना कागद विरोधी गटाच्या पुढाऱ्याच्या हाती देणे सर्वांत घातक. त्याचे प्रचारपत्रक होते, निकाल लागला की विषय संपतो आणि नोकरदार उघड्यावर पडतो. तीच कागदपत्रे सहकार खात्याच्या सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे लेखी अर्जासोबत गेली तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८३ खाली चौकशी लागू शकते, आणि कलम ८८ खाली नुकसान जबाबदार व्यक्तींकडून वसूल करता येते.

नाव फुटते ते पुष्कळदा अर्जाच्या मजकुरातूनच. ‘अमुक तारखेच्या रात्रपाळीत अमुक हीटचा माल बदलला’ असे लिहिले की त्या पाळीत हजर असलेले तिघे-चौघेच उरतात, आणि खाली सही नसली तरी मालक दुपारपर्यंत माणूस हुडकून काढतो. त्याऐवजी ‘गेल्या सहा महिन्यांतली टेस्ट सर्टिफिकेटे भट्टीच्या नोंदवहीशी ताडून पाहावीत’ असे लिहिले, तर तपासणाऱ्याला नेमकी जागा कळते आणि लिहिणारा झाकला जातो. आपल्या नेहमीच्या बोलण्यातले शब्द, मागे साहेबांशी झालेल्या वादाचा उल्लेख, कंपनीच्या संगणकावरून केलेले टंकलेखन, ऑफिसच्या वायफायवरून पाठवलेला मेल, सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी टाकलेला फोटो, हे सगळे माग सोडतात. स्वतः डोळ्यांनी पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले वेगवेगळे लिहावे; तपास अधिकारी त्यावरूनच अर्जाचे वजन ठरवतो.

पुराव्याबाबत घाईत मोठी चूक होते. मूळ रजिस्टर घरी नेले तर चोरीचा आरोप जागल्यावरच येतो. रोजच्या रोज तारीख-वेळेसह लिहिलेली खासगी टिपणवही, आपल्या कामाच्या ओघात हाती येणाऱ्या कागदांचे तपशील, पगारपत्रके, नेमणूकपत्र, आधीचे चांगले शेरे एवढे जपले तरी पुष्कळ. फोनवर काही टिपले असेल तर ते पुसू नये, फोन विकू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्या वेळी मूळ उपकरण हाताशी असलेले बरे.

दार कुठले ठोठवायचे हे संस्थेवर ठरते. शेअर बाजारात नोंदलेल्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या किंवा बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटी रुपयांपेक्षा जास्त कर्ज असलेल्या कंपन्यांना कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १७७ नुसार दक्षता यंत्रणा, म्हणजे गैरप्रकार कळवण्याची सोय, ठेवावी लागते, आणि योग्य प्रकरणी लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता येते. कोल्हापुरातले बरेच लहान कारखाने यात बसत नाहीत. पण त्यांचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपन्या बसतात, आणि त्यांपैकी अनेकांची यंत्रणा पुरवठादारांच्या कामगारांनाही खुली असते. हा मार्ग फार कमी जणांना माहीत असतो.

धूळ, भट्टी, यंत्रावरचे काढून ठेवलेले गार्ड यांसारख्या धोक्यांसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. कारखाने अधिनियमात १९८७ साली घातलेल्या कलम ११८अ ने तक्रार कुणी केली हे गुप्त ठेवण्याचे बंधन निरीक्षकावर आले. तपासणी तक्रारीवरून होत आहे हेही त्याने मालकाला सांगायचे नव्हते. आता कामगार कायद्यांच्या जागी नव्या संहिता आल्या असल्या, तरी नाव गुप्त ठेवण्याची विनंती अर्जाच्या पहिल्याच ओळीत करावी. शासकीय नोकराने लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्याप्रमाणे तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे करायची. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. या कायद्याच्या कलम १६ ने तक्रारदार महिलेचे नाव-पत्ता प्रसिद्ध करायला मनाई आहे.

केंद्र सरकारची कार्यालये, राष्ट्रीयीकृत बँका आणि सार्वजनिक उपक्रम यांच्यासाठी जागल्याचे नाव झाकून तक्रार घेण्याचा २१ एप्रिल २००४ चा केंद्र सरकारचा ठराव आहे. त्यामागे सत्येंद्र दुबे या अभियंत्याचे प्रकरण होते. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा असे लिहिले; तरी पत्र नावासकट कार्यालयांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा गोळी घालून खून झाला. ठरावानुसार केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद लिफाफ्यात तक्रार जाते. लिफाफ्यावर ती या ठरावाखालची असल्याचे लिहायचे, स्वतःचे नाव मात्र आतल्या पत्रातच. निनावी पत्राची दखल आयोग घेत नाही.

संसदेने २०१४ साली जागल्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला, पण तो अंमलात आणलेला नाही. ही उणीव कागदापुरती नाही. मे २०१० मध्ये इचलकरंजीतले माहिती अधिकार कार्यकर्ते दत्ता पाटील यांचा खून झाला, त्याच वर्षी जानेवारीत तळेगाव दाभाडेत सतीश शेट्टी यांचा. ज्यांचे व्यवहार उघड करत होते तिथले ते दोघे नोकर नव्हते, पण कागद बाहेर काढणाऱ्याला केवढी किंमत मोजावी लागते ते जिल्ह्याने पाहिले आहे. धमकी आली तर त्याच दिवशी लेखी पोलीस तक्रार देऊन पोच घ्यावी, आणि घरातल्या एकाला व एका वकिलाला सगळे सांगून ठेवावे. युनियन असेल तर अर्ज तिच्या नावाने जाणे केव्हाही चांगले.

बदली, खोटी चार्जशीट, पाळी तोडणे, कामावरून काढणे या मार्गांनी सूड उगवला जातो. महाराष्ट्रात १९७१ च्या कामगार संघटनांना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियमाने सूडबुद्धीने कामावरून काढणे ही अनुचित प्रथा ठरवली आहे. तिच्याविरुद्धची तक्रार ९० दिवसांत करायची असते. कामावरून कमी झालेला माणूस समझोत्याच्या आशेवर हे दिवस घालवतो आणि मुदत उलटल्यावर वकिलाकडे येतो, मग उशिराचे कारण न्यायालयाला पटवत बसावे लागते. पुढे उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर पूर्वी मुंबईची वारी आणि तिथला खर्च नोकरी गेलेल्या कामगाराला पेलत नसे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, कोल्हापुरातच बसते. कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत.